संस्थांतर्गत संवाद

संस्थांतर्गत संवाद म्हणजे एखादा कारखाना, कार्यालय, रुग्णालय, सहकारी संस्था किंवा शासकीय खाते चालवणारी माणसे आणि तेथे काम करणारी माणसे यांच्यामध्ये होणारी माहितीची, आदेशांची, तक्रारींची व मतांची देवाणघेवाण होय. परिपत्रक, सूचनाफलक, पाळी सुरू होण्यापूर्वीची उभ्याउभ्याची बैठक, गृहपत्रिका, सूचनापेटी, वार्षिक अहवाल आणि अलीकडे भ्रमणध्वनीवरील गट ही त्याची नेहमीची साधने आहेत. विसाव्या शतकात या कामाला स्वतंत्र व्यवसायाचे रूप आले. महाराष्ट्रात त्याचा एक महत्त्वाचा आरंभबिंदू मिरजेपासून जवळच असलेल्या किर्लोस्करवाडी येथे सापडतो. तेथून १९२० मध्ये निघालेले ‘किर्लोस्कर खबर’ हे कारखान्याचे पत्र पुढे मराठीतील एक प्रमुख मासिक झाले.

संज्ञा आणि व्याप्ती

‘इंटर्नल कम्युनिकेशन’ या इंग्रजी संज्ञेसाठी मराठीत ‘अंतर्गत संवाद’, ‘अंतर्गत संज्ञापन’ असे पर्याय वापरले जातात. जनसंपर्क हा संस्थेबाहेरच्या लोकांशी असतो, तर अंतर्गत संवाद संस्थेतल्या लोकांशी, अशी ढोबळ विभागणी केली जाते. प्रत्यक्षात ही सीमारेषा फार पुसट आहे. सहकारी साखर कारखान्याचा सभासद हा कारखान्याचा मालक, उसाचा पुरवठादार आणि बहुधा एखाद्या कामगाराचा नातेवाईकही असतो. तो ‘आतला’ की ‘बाहेरचा’ याचे उत्तर प्रश्नागणिक बदलते. उसाच्या दराबाबत तो वाटाघाट करणारा पक्ष आहे, तर वार्षिक सर्वसाधारण सभेत अहवालावर प्रश्न विचारण्याचा अधिकार असलेला घटक आहे.

संवादाच्या दिशेनुसार तीन प्रकार मानले जातात. वरून खाली जाणारा संवाद आदेश व माहिती देतो, खालून वर येणारा अडचणी व सूचना कळवतो आणि समपातळीवरचा संवाद दोन विभागांना किंवा दोन पाळ्यांना जोडतो. पहिल्या प्रकारासाठी बहुतेक संस्था पुरेशी साधने बाळगतात. दुसऱ्यासाठी एक कुलूपबंद पेटी भिंतीवर असते आणि तिची किल्ली कोणाकडे आहे हे अनेकदा कोणालाच सांगता येत नाही. तिसऱ्या प्रकाराकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते. धोका मात्र तेथेच अधिक असतो. रात्रपाळीच्या परिचारिकेने सकाळच्या परिचारिकेला रुग्णाच्या ॲलर्जीविषयी सांगितले नाही, तर त्याची भरपाई कोणतेही परिपत्रक करू शकत नाही. म्हणूनच रुग्णालयांत पाळी सोपवताना परिस्थिती, पूर्वेतिहास, निदान आणि शिफारस या ठरलेल्या क्रमाने बोलण्याची पद्धत रूढ होत गेली. तिचे मूळ अमेरिकी नौदलाच्या पाणबुड्यांवरील संदेशपद्धतीत आहे. मिरजेसारख्या, रुग्णालयांसाठी दूरवर ओळखल्या जाणाऱ्या शहरात अंतर्गत संवादाचा हा प्रकार रोज सर्वाधिक वेळा घडत असतो, मात्र त्याला कोणी त्या नावाने ओळखत नाही.

गृहपत्रिकेचा उगम

संस्थेने स्वतःच्या माणसांसाठी किंवा ग्राहकांसाठी काढलेल्या नियतकालिकाला गृहपत्रिका म्हणतात. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या लोवेल येथील कापडगिरण्यांतील स्त्री कामगारांनी लिहिलेले ‘लोवेल ऑफरिंग’ (१८४०–१८४५) हे तिच्या आद्य उदाहरणांपैकी एक समजले जाते. या पत्राची कथा आजही बोधप्रद आहे. गिरणीत काम करणाऱ्या मुली कथा व कविता लिहितात, याचे मालकांना कौतुक होते. तथापि सारा बॅगली या कामगार कार्यकर्तीने १८४५ मध्ये जाहीर आक्षेप घेतला, की कामाच्या परिस्थितीवर टीका करणारे आपले लेखन या पत्राने नाकारले. आपल्या घरच्या पत्रात घरातली तक्रार छापता येते का, हा प्रश्न तेव्हापासून या क्षेत्राला चिकटलेला आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकी कारखान्यांत ही पद्धत पसरली. नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीने १८९० मध्ये कारखान्याचे वृत्तपत्र सुरू केले आणि त्याच दशकात कामगारांकडून लेखी सूचना मागवण्याची योजनाही राबवली. शेती अवजारे बनवणाऱ्या जॉन डिअर कंपनीचे ‘द फरो’ १८९५ पासून शेतकऱ्यांसाठी निघू लागले, तर फोर्ड मोटार कंपनीचे ‘फोर्ड टाइम्स’ १९०८ मध्ये सुरू झाले. यांतील ‘द फरो’ हे नाव नांगराच्या तासावरून घेतलेले आहे. सांगली परिसरातला नांगराचा कारखाना काही वर्षांनी असेच पत्र काढणार होता.

किर्लोस्करवाडी आणि ‘किर्लोस्कर खबर’

लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर (१८६९–१९५६) यांनी बेळगाव येथे सायकलींच्या दुकानापासून व्यवसायाला सुरुवात केली. पुढे ते कडबा कापण्याची यंत्रे व लोखंडी नांगर बनवू लागले. बेळगावातील जागा सोडावी लागल्यावर औंध संस्थानचे अधिपती भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी यांनी त्यांना आपल्या संस्थानातील कुंडल रोड रेल्वे स्थानकाजवळच्या माळावर जागा व भांडवलासाठी साहाय्य दिले. १९१० मध्ये तेथे कारखाना व वसाहत उभी राहू लागली. स्थानकाचे नावही पुढे किर्लोस्करवाडी झाले. मिरजेहून पुण्याकडे जाताना सांगली, भिलवडी ही स्थानके मागे टाकल्यावर ते लागते. आज हा भाग सांगली जिल्ह्याच्या पलूस तालुक्यात मोडतो.

आरंभीच्या काळात वाडीत अंतर्गत संवादाची वेगळी व्यवस्था असण्याचे कारण नव्हते. माणसे मोजकी होती, राहण्याची जागा व कामाची जागा हाकेच्या अंतरावर होती. लक्ष्मणरावांचे बंधू रामूअण्णा वसाहतीची व्यवस्था पाहत. शंभूराव जांभेकर, मंगेशराव रेगे, अनंतराव फळणीकर, के. के. कुलकर्णी यांच्यासारखे सहकारी एकेक खाते सांभाळत. पहारेकऱ्यांमध्ये शिक्षा भोगून आलेले तुकाराम रामोशी आणि पिऱ्या मांग हे होते. ज्यांना गावगाड्याने चोर ठरवले त्यांच्या हाती कारखान्याच्या किल्ल्या देण्याचा हा निर्णय होता. मालक आपल्या माणसांविषयी काय समजतो, हे त्यातून कोणतीही सूचना न लावता सर्वांना कळले. वसाहतीत अस्पृश्यता पाळण्यास मनाई होती, हेही येथे नोंदवले पाहिजे. संस्थेचे धोरण तिच्या वागण्यातून वाचले जाते, असे या विषयाची पाठ्यपुस्तके सांगतात, आणि त्याला याहून जवळचे उदाहरण शोधावे लागत नाही.

बाहेरच्या जगाशी बोलणे मात्र अवघड होते. लोखंडी नांगराने जमीन नासते, अशी अनेक शेतकऱ्यांची समजूत होती. पहिले काही नांगर विकले जाण्यास सुमारे दोन वर्षे लागली, असे सांगितले जाते. वस्तू चांगली असूनही तिच्याविषयीचा विश्वास वेगळा घडवावा लागतो, हा धडा कारखान्याला येथे मिळाला. या पार्श्वभूमीवर लक्ष्मणरावांचे पुतणे शंकर वासुदेव किर्लोस्कर (१८९१–१९७५) यांच्याकडे जाहिरातीचे काम आले. ‘शंवाकि’ या आद्याक्षरांनी ते मराठी वाचकांना परिचित आहेत. चित्रकलेचे शिक्षण घेतलेले असल्याने जाहिरातीचा मजकूर आणि चित्र या दोन्ही गोष्टी त्यांच्या एकाच हातातून उतरत.

१९२० हे वर्ष दोन कारणांनी लक्षणीय ठरले. जानेवारीत ‘किर्लोस्कर ब्रदर्स’ ही मर्यादित दायित्वाची कंपनी म्हणून नोंदली गेली. म्हणजेच एका कुटुंबाच्या कारखान्याला आता दूरदूरचे भागधारक मिळाले. त्याच वर्षी शंकररावांनी ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केले. या दोन घटनांचा संबंध लक्षात घेण्यासारखा आहे. जोवर सर्वजण एकमेकांना चेहऱ्याने ओळखत होते, तोवर छापील पत्राची गरज नव्हती. विक्रेते गावोगावी विखुरले, ग्राहक अनोळखी झाले आणि भांडवल देणारे कारखान्यापासून लांब राहू लागले, तेव्हा वाडीत काय चालले आहे हे कळवण्यासाठी कागद लागला.

काटेकोर अर्थाने ‘खबर’ ही केवळ कामगारांसाठीची पत्रिका नव्हती. कारखान्याच्या मालाची माहिती सांगणे, तो वापरणाऱ्या शेतकऱ्याशी व विकणाऱ्या दुकानदाराशी संबंध राखणे हा तिचा आरंभीचा हेतू होता. आजच्या वर्गीकरणानुसार ती ‘मिश्र’ गृहपत्रिका ठरेल. ‘खबर’ हा फारसी–अरबी वळणाचा शब्द मराठीत इतका रुळलेला होता, की ‘बखर’ हा शब्द त्यातीलच अक्षरांच्या अदलाबदलीने झाला, असे एक मत अभ्यासकांत आहे. कारखान्याने आपल्या पत्रासाठी ‘वृत्त’ किंवा ‘पत्रिका’ न निवडता बोलीतला हा शब्द घेतला, यात त्याचा अपेक्षित वाचक दिसतो.

शंकररावांचे खरे वेगळेपण त्यानंतरच्या निर्णयांत आहे. नांगर, चरक आणि पंप यांच्या वर्णनाने भरलेले पत्र वाचक दोनदा चाळतो, तिसऱ्यांदा बाजूला ठेवतो. शंकररावांनी मजकुराचा परीघ वाढवत नेला. उद्योग, स्वावलंबन, विज्ञान, सामाजिक सुधारणा, कथा, व्यंगचित्रे असे विषय त्यात आले. ‘टाकांच्या फेकी’ ही त्यांची स्वतःची व्यंगचित्रमाला गाजली. पत्राच्या नावातून ‘खबर’ गळले आणि ‘किर्लोस्कर’ एवढेच उरले. १९३० मध्ये ‘स्त्री’ आणि १९३४ मध्ये ‘मनोहर’ ही भावंडे निघाली. विनायक दामोदर सावरकरांचे विज्ञाननिष्ठेचा पुरस्कार करणारे अनेक निबंध १९३०च्या दशकात ‘किर्लोस्कर’मधून प्रसिद्ध झाले. रूढीवर प्रहार करणारे असे लेखन छापणे हा एका माल विकणाऱ्या संस्थेसाठी व्यापारी दृष्ट्या सुरक्षित मार्ग नव्हता. कारखान्याचे ग्राहक शेतकरी होते आणि त्यांतील अनेक जण श्रद्धाळू होते. तरीही ते छापले गेले. संपादकाला मालकाकडून किती मोकळीक होती, याचे मोजमाप अशा मजकुरावरून होते, शुभेच्छासंदेशांवरून होत नाही.

या यशाला दुसरी बाजूही आहे. मासिक जसजसे महाराष्ट्राचे होत गेले, तसतसे ते वाडीचे राहिले नाही. ते घरोघर वाचले जाऊ लागले, पण त्यातून कारखान्यातल्या ओतकामाच्या खात्याची किंवा पाळीच्या वेळांची खबर मिळण्याचा संबंध उरला नाही. मराठी वाङ्मयाच्या इतिहासात ‘किर्लोस्कर’ मासिकाची नोंद वाङ्मयीन व सामाजिक पत्र म्हणून होते आणि ते योग्यच आहे. परंतु औद्योगिक संवादाच्या इतिहासात ते गृहपत्रिकेच्या कक्षेबाहेर निघून गेलेल्या गृहपत्रिकेचे उदाहरण आहे. शंकररावांनी पुढे लक्ष्मणरावांचे ‘यांत्रिकाची यात्रा’ हे चरित्र आणि ‘शंवाकीय’ हे आत्मकथन लिहिले. कारखान्याची आतली बाजू समजून घेऊ इच्छिणाऱ्या आजच्या वाचकाला ही दोन पुस्तके अधिक उपयोगी पडतात.

पोहोच असलेला संदेश : मिरज जंक्शन

गृहपत्रिका वाचली गेली की नाही, हे संपादकाला अंदाजानेच कळते. रेल्वेत अंदाजाला जागा नसते. मिरज स्थानकात एके काळी ब्रॉडगेज, मीटरगेज आणि नॅरोगेज असे तिन्ही मापांचे लोहमार्ग एकत्र येत असत. आजही येथून पुणे, कोल्हापूर, पंढरपूर–कुर्डुवाडी आणि बेळगाव या दिशांना मार्ग फुटतात. बेळगावकडचा मार्ग दक्षिण पश्चिम रेल्वेच्या अखत्यारीत येतो, बाकीचे मध्य रेल्वेच्या. म्हणजे एकाच स्थानकात दोन प्रशासनांचे आणि मराठी, कन्नड, हिंदी बोलणारे कर्मचारी रोज एकमेकांना संदेश देतात.

येथील संदेशपद्धतीत दोन गोष्टी अंतर्गत संवादाच्या अभ्यासकाने पाहण्याजोग्या आहेत. पहिली म्हणजे ‘कॉशन ऑर्डर’. पुढील मार्गावर कोठे, किती किलोमीटरपासून किती किलोमीटरपर्यंत, कोणत्या वेगाने गाडी न्यावी, हे स्टेशन मास्तर लेखी देतो. चालक व गार्ड ते घेतल्याची सही करतात. सही झाल्याशिवाय संदेश ‘दिला’ असे धरले जात नाही. दुसरी गोष्ट ‘प्रायव्हेट नंबर’ ही. स्टेशन मास्तर, फाटकवाला अशा संबंधित कर्मचाऱ्यांकडे आकड्यांची छापील यादी असते. फाटक बंद केल्याचे किंवा मार्ग मोकळा असल्याचे दूरध्वनीवरून कळवताना यादीतील पुढचा न वापरलेला आकडा सांगायचा, समोरच्याने तो लिहून घ्यायचा आणि वापरलेला आकडा खोडायचा. त्यामुळे ‘मी सांगितले होते’ आणि ‘मला कोणी सांगितले नाही’ हा कार्यालयांतला सनातन वाद येथे एका आकड्याने मिटतो.

प्रत्येक कार्यालयाने असे आकडे वाटावेत, असा याचा अर्थ नाही. मात्र पाठवलेला संदेश आणि पोहोचलेला संदेश या दोन भिन्न घटना आहेत, ही जाणीव रेल्वेच्या नियमपुस्तकात ज्या स्पष्टतेने उतरली आहे, तशी ती व्यवस्थापनाच्या बहुतेक पुस्तकांत उतरलेली नाही.

संदेश पोहोचणे म्हणजे तो वापरता येण्याजोगा असणे, हाही त्याचाच भाग आहे. सांगली–मिरज परिसरातील पूरव्यवस्थापनात याचा अनुभव वारंवार येतो. कोयना धरणातून सोडलेले पाणी क्युसेकमध्ये मोजले जाते, तर सांगलीच्या आयर्विन पुलाजवळची कृष्णेची पातळी फुटांत. तेथे ४० फूट ही इशारा पातळी व ४५ फूट ही धोका पातळी आहे. धरणावरच्या अभियंत्याला क्युसेकचा आकडा पुरेसा असतो. पण नदीकाठच्या वस्तीत ध्वनिक्षेपक घेऊन फिरणाऱ्या कर्मचाऱ्याला पुलाजवळ किती फूट आणि किती वाजेपर्यंत, एवढेच हवे असते. ऑगस्ट २०१९च्या महापुरात ही पातळी ५७ फुटांवर गेली होती. खात्याखात्यांमधला संदेश अशा वेळी एका मोजमापातून दुसऱ्यात आणि कार्यालयीन भाषेतून बोलीत उतरवावा लागतो.

अफवा, मुकादम आणि ऐकून घेणे

अधिकृत माहिती मिळाली नाही, तर लोक माहितीविना राहत नाहीत, ते ती स्वतः तयार करतात. गॉर्डन ऑलपोर्ट व लिओ पोस्टमन या मानसशास्त्रज्ञांनी १९४७ मधील आपल्या ग्रंथात अफवेचा जोर विषयाचे महत्त्व आणि माहितीची संदिग्धता या दोहोंच्या गुणाकारावर अवलंबून असतो, असे मांडले. दोहोंपैकी एक शून्य असेल तर अफवा उठत नाही. बोनस, बदली, कामगारकपात हे विषय कामगाराच्या लेखी कधीच बिनमहत्त्वाचे नसतात. म्हणून व्यवस्थापनाच्या हाती फक्त संदिग्धता कमी करणे उरते. कीथ डेव्हिस यांनी १९५३ मध्ये कार्यालयातील कुजबुजीच्या जाळ्याचा अभ्यास करून ते नैसर्गिक असल्याचे आणि ते बंद पाडण्यापेक्षा समजून घेणे श्रेयस्कर असल्याचे प्रतिपादन केले.

ऐकून घेण्याच्या बाजूने सर्वांत प्रसिद्ध प्रयोग अमेरिकेतील हॉथॉर्न कारखान्यात १९२४ ते १९३२ या काळात झाला. त्यात वीस हजारांहून अधिक मुलाखती घेतल्या गेल्या. आरंभी ठरलेले प्रश्न विचारले जात. पुढे लक्षात आले, की कामगाराला स्वतःच्या विषयावर बोलू दिले तरच खरी अडचण बाहेर येते. त्यानंतर मुलाखतकारांनी प्रश्नावली बाजूला ठेवली.

टी. जे. लार्किन आणि सँडर लार्किन यांनी १९९४ मधील पुस्तकात व त्यानंतरच्या लेखनात एक अप्रिय वाटणारा मुद्दा मांडला. मोठ्या बदलाची बातमी सर्वोच्च अधिकाऱ्याने चित्रफितीतून किंवा सभेतून देण्यापेक्षा ती कामगाराच्या लगतच्या वरिष्ठाने समोरासमोर सांगावी, कारण कामगाराचा विश्वास त्याच्यावर असतो. या मुद्द्याची ताकद आणि मर्यादा दोन्ही ऊसतोडीच्या हंगामात दिसतात. मराठवाड्यातून, विशेषतः बीड जिल्ह्यातून, सांगली–सातारा–कोल्हापूर पट्ट्यात येणाऱ्या तोडणी कामगाराला कारखान्याचे कार्यालय क्वचितच दिसते. त्याची उचल मुकादमामार्फत ठरते, कोणत्या फडात तोड आहे हे चिटबॉय सांगतो आणि दराविषयीची, अपघाताविषयीची किंवा हंगाम संपण्याविषयीची माहितीही मुकादमाकडूनच येते. येथे लगतचा वरिष्ठ हाच एकमेव मार्ग आहे. तो मजुराच्या विश्वासातला असतो आणि उचलीमुळे त्याच्या मानेवर बसलेलाही असतो. कारखान्याचे परिपत्रक कितीही स्पष्ट असले, तरी ते फडापर्यंत जाताना एका हितसंबंधी माणसाच्या तोंडून जाते. सभासदाला अहवाल मिळतो, कायम कामगाराला फलक दिसतो, कोयत्याच्या जोडीला मात्र ऐकीव माहितीवर हंगाम काढावा लागतो. लार्किन यांची उदाहरणे ज्या कारखान्यांतली आहेत, तेथे असा मध्यस्थ नव्हता.

कायद्यातील तरतुदी

भारतात अंतर्गत संवादाचा काही भाग कायद्याने बंधनकारक केलेला आहे. औद्योगिक रोजगार (स्थायी आदेश) अधिनियम, १९४६ नुसार स्थायी आदेश इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत प्रवेशद्वाराजवळ ठळकपणे लावणे आवश्यक होते. औद्योगिक विवाद अधिनियम, १९४७ मध्ये शंभर किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेत कार्यसमितीची तरतूद होती. तीत कामगारांचे प्रतिनिधी मालकांच्या प्रतिनिधींपेक्षा कमी नसावेत, अशी अट होती. हे दोन्ही कायदे पुढे औद्योगिक संबंध संहिता, २०२० मध्ये समाविष्ट करण्यात आले. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळास प्रतिबंध करणाऱ्या २०१३च्या अधिनियमानुसार अंतर्गत समितीच्या स्थापनेचा आदेश व छळाचे दंडनीय परिणाम दर्शनी भागात लावणे मालकावर बंधनकारक आहे. ‘समजणाऱ्या भाषेत’ ही अट साधी वाटते. कुपवाड व मिरज औद्योगिक वसाहतींत मराठी, कन्नड आणि हिंदी बोलणारे कामगार शेजारीशेजारी काम करतात, आणि तेथे बहुसंख्यांची भाषा कोणती, हे दर काही वर्षांनी नव्याने पाहावे लागते.

व्यवसाय आणि तज्ज्ञ

अंतर्गत संवाद हे स्वतंत्र कौशल्य आहे, ही कल्पना अलेक्झांडर हेरॉन यांच्या १९४२ मधील पुस्तकाने अमेरिकेत रुजवली. माहिती वाटून घेणे म्हणजे कामगाराला पटवणे नव्हे, अशी त्यांची भूमिका होती. ब्रिटनमध्ये गृहपत्रिकांच्या संपादकांची संघटना १९४९ मध्ये स्थापन झाली. तिचेच आजचे रूप म्हणजे ‘इन्स्टिट्यूट ऑफ इंटर्नल कम्युनिकेशन’. व्यावसायिक संवादकांची ‘आयएबीसी’ ही आंतरराष्ट्रीय संघटना १९७० मध्ये अस्तित्वात आली. भारतात जनसंपर्क व्यावसायिकांची ‘पब्लिक रिलेशन्स सोसायटी ऑफ इंडिया’ ही संस्था १९५८ पासून आहे, आणि बराच काळ अंतर्गत संवाद हा जनसंपर्क अधिकाऱ्याच्या अनेक कामांपैकी एक समजला गेला.

समाजमाध्यमांच्या काळात या क्षेत्रातील चर्चा परिषदांतून लिंक्डइन, ध्वनिमालिका आणि वैयक्तिक लेखनस्थळांकडे वळली. नियमितपणे लिहिणाऱ्या–बोलणाऱ्या तज्ज्ञांमध्ये पुढील नावे परिचित आहेत. अमेरिकेतील शेल होल्ट्झ यांनी नेव्हिल हॉबसन यांच्यासह २००५ मध्ये सुरू केलेली ‘फॉर इमिजिएट रिलीज’ ही ध्वनिमालिका या विषयावरील जुन्या मालिकांपैकी एक आहे. ब्रिटनमधील रेचल मिलर यांनी ‘ऑल थिंग्ज आयसी’ हा उपक्रम चालवला असून धोरणआखणीवर त्यांचा भर असतो. जेनी फील्ड यांचे २०२१ मधील पुस्तक संवाद बिघडलेल्या संस्थेचे निदान कसे करावे, या प्रश्नाभोवती फिरते. भारतीय वाचकाला सर्वांत जवळचे लेखन अनिसू व्हर्गीस यांचे वाटेल. अंतर्गत संवादावरील त्यांचे पुस्तक २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले आणि भारतीय कंपन्यांतील अनुभवांवर ते दीर्घकाळ ‘इंट्रास्कोप’ या नावाने लेखन करत आले आहेत.

या लेखनाचा उपयोग करताना विद्यार्थ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवणे इष्ट ठरते. त्यातील बहुसंख्य उदाहरणे संगणकासमोर बसणाऱ्या, इंग्रजी जाणणाऱ्या आणि कंपनीचा ई-मेल पत्ता असलेल्या कर्मचाऱ्यांची आहेत. ओतशाळेतील कामगार, एसटीचा वाहक, रुग्णालयातील आया किंवा पतसंस्थेचा पिग्मी एजंट यांच्याविषयी त्यांत फारसे सापडत नाही. मराठीतून या विषयावर सातत्याने लिहिणारे तज्ज्ञ अजून मोजके आहेत. कोणाचे लेखन विश्वसनीय मानावे, हे ठरवताना अनुयायांच्या संख्येपेक्षा दोन कसोट्या अधिक कामाच्या ठरतात. लेखक फसलेल्या प्रयोगांची माहिती देतो का, आणि संदेश पाठवल्यानंतर कामगारांना काय समजले हे त्याने त्यांनाच विचारले होते का.

भ्रमणध्वनीवरील गट

गेल्या दशकात लहान कारखाने, शाळा, बँकांच्या शाखा व शासकीय कार्यालये यांत व्हॉट्सॲप गटाने फलकाची जागा घेतली. निरोप क्षणात जातो, तो घेतल्याची निळी खूण दिसते आणि खर्च जवळजवळ शून्य असतो. पण निळी खूण म्हणजे रेल्वेतील सही नव्हे. संदेश उघडला गेला एवढेच ती सांगते. आदेश, वाढदिवसाच्या शुभेच्छा आणि सणांची चित्रे एकाच ओळीत येत असल्याने महत्त्वाची सूचना वर सरकून जाते. गटात साहेब असल्यामुळे प्रश्न विचारला जात नाही, ‘ओके सर’ एवढेच लिहिले जाते, आणि खरा प्रश्न साहेब नसलेल्या दुसऱ्या गटात विचारला जातो. आतला संदेश छायाचित्राच्या रूपाने बाहेर जाण्यास एक मिनिट पुरते, त्यामुळे ‘अंतर्गत’ या शब्दाचा जुना अर्थही राहिलेला नाही. कामाच्या वेळेनंतर आलेला आदेश पाळणे बंधनकारक आहे का, हा प्रश्न अनेक आस्थापनांत अनिर्णित आहे.

कंत्राटी कामगार बहुधा या गटांत नसतात. त्यांची नोंद कंत्राटदाराकडे असते, क्रमांक वारंवार बदलतो आणि त्यांना गटात घेतल्यास ते कायम कामगार असल्याचा दावा करतील, अशी भीतीही काही व्यवस्थापनांना वाटते. यंत्र दुरुस्तीसाठी बंद आहे किंवा भट्टीजवळ जाऊ नये, ही सूचना अशा वेळी पाळीप्रमुख तोंडी देतो किंवा जुन्या पद्धतीने खडूने फळ्यावर लिहितो.